कराओकेच्या कार्यक्रमात शेवटचं गाणं: सगळ्यांनी मिळून की एकानेच?

बर्डीचा_बेसूर

नागपुरात कराओके क्लबांना तोटा नाही. पंचवीस-तीस गाण्यांची यादी होते, कोण कितव्या नंबरवर यावरून चार दिवस फोनाफोनी चालते आणि शेवटचं गाणं मात्र "तेव्हाचं तेव्हा पाहू" म्हणून लटकत राहतं. मग ज्याचा आग्रह मोठा, त्याच्या हातात माईक.

माझं मत: शेवटचं गाणं सोलो नकोच, सगळ्या मेंबरांनी मिळून गावं. कारण सुराचं नाही, खुर्च्यांचं आहे. प्रत्येक गायकामागे घरची तीन-चार माणसं येतात. त्याचं गाणं झालं की पंधरा मिनिटांत सगळे पार्किंगमध्ये. चोविसाव्या गाण्याला समोर फक्त पंचविसाव्याचे नातेवाईक उरतात. शेवटी सगळ्यांनी स्टेजवर यायचं असं आधीच जाहीर केलं, तर माणसं थांबतात.

अटी तीनच. ट्रॅक, म्हणजे गायकाच्या आवाजाशिवायचं तयार म्युझिक, चार मिनिटांच्या आतला. मुखडा सगळ्यांना पाठ असलेला, कारण स्क्रीन एक आणि बघणारे पंधरा. सुरुवातीचं म्युझिक अर्ध्या मिनिटाहून लांब नको, नाहीतर पंधराजण नुसते एकमेकांकडे पाहत उभे.

धरमपेठचा_षड्ज

पूर्ण असहमत. मैफल भैरवीने संपवायची आपली रीत आहे, आणि भैरवी पंधराजण मिळून गात नाहीत. शेवटचा सूर कानात घेऊन माणूस घरी जातो. तिथे तुम्ही त्याला काय देणार? पंधराजणांचा गलका, त्यात चौघे एक मात्रा पुढे.

वाद्यवृंद असता तर गोष्ट वेगळी होती. गायक चुकला तर तबलजी सांभाळून घेतो, एखादं आवर्तन जास्तीचं वाजवतो. कराओकेचा ट्रॅक कोणासाठी थांबत नाही. अंतऱ्यात एकाने घाई केली की बाकीचे त्याच्यामागे धावतात, पुढच्या मुखड्यापर्यंत कोणाचाच पत्ता नाही. संध्याकाळभरात ज्याचा आवाज सगळ्यात तयार वाटला, त्याला एक संथ गाणं द्या आणि दिवे मंद करा.

जॅकवाला

साउंडच्या बाजूने बोलतो. दोघांचंही अर्धं बरोबर आहे.

चालू माईक दुप्पट झाले की शिटी वाजण्याआधी मिळणारा आवाज ३ डेसिबलने कमी होतो. दोनाचे आठ माईक केले तर ६ डेसिबल गेले. म्हणजे साउंडवाल्याला प्रत्येक आवाज खाली ओढावाच लागतो, आणि लोक म्हणतात "शेवटी आवाजच नव्हता". त्यात हौशी मंडळी माईकची जाळी मुठीत धरतात. जाळी झाकली की माईक चारही बाजूंचं ऐकायला लागतो, मॉनिटरचंही (गायकाकडे तोंड केलेला स्पीकर). शिटी तिथूनच येते.

समूहगाणं करायचंच तर चार माईक, एकेका माईकवर दोघे. दोन पक्के गायक पुढे, त्यांचे फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या) वर, बाकीचे दोन माईक आधाराला. उरलेल्यांनी माईकशिवाय गावं, तसंही कोणाला कळत नाही. एको मात्र निम्म्यावर आणा. सोलोला शोभणारा एको समूहात शब्द खाऊन टाकतो. कॉर्डलेस माईकचे सेल मध्यंतरातच बदला, शेवटच्या गाण्याची वाट पाहू नका.

अजून एक. प्रेक्षक सोबत गायला, टाळ्या द्यायला लागले की गायकाने हॉलकडे कान देऊ नये. वीस मीटरवरच्या शेवटच्या रांगेत आवाज पोचायला साधारण ५८ मिलिसेकंद लागतात, तिथून परत यायला तेवढेच. ती टाळी स्टेजवर ११६च्या आसपास मिलिसेकंद मागे पडते. तिला धरून गायलात की ट्रॅक पुढे निघून गेला. कान मॉनिटरला, हात प्रेक्षकांना.

पांढरी_चार

तुम्ही सगळे पुरुष पुरुषांच्या पट्टीत बोलताय. शेवटी गायची म्हणून जी समूहगाणी सुचवतात, ती जवळजवळ सगळी पुरुष गायकांची. पुरुषांचा सा साधारण पेटीच्या काळी एक-दोनवर, आम्हा बायकांचा काळी चार-पाचवर. तुमच्या पट्टीत आम्ही गायलो तर मुखडा पुटपुटल्यासारखा खाली जातो, वरच्या सप्तकात उचलला तर अंतऱ्यात किंचाळावं लागतं. मग बायका नुसत्या टाळ्या वाजवत उभ्या. फोटोत छान दिसतं ते.

उपाय आहे. शेवटी ड्युएट घ्या आणि ते वाटून गा. "अच्छा तो हम चलते हैं" (आन मिलो सजना, १९७०) प्रश्नोत्तराचंच गाणं आहे. लताबाईंच्या ओळी सगळ्या बायका म्हणतील, किशोरकुमारच्या सगळे पुरुष. दोन्ही आवाजांचा विचार चालीतच केलेला आहे, पट्टीचं भांडण मिटतं. निरोपाचे शब्द आयते. फक्त दोन्ही बाजूंचे माईक पूर्ण वेळ चालू ठेवायचे. प्रश्न आणि उत्तरात श्वासाएवढीच जागा आहे, तेवढ्यात फेडर वर नेईपर्यंत उत्तराचा पहिला शब्द गेलेला असतो.

आणि "अभी ना जाओ छोड़ कर" शेवटी ठेवणाऱ्यांना नमस्कार. शब्द म्हणतात जाऊ नका, लोक हेल्मेट शोधून राहिले असतात.

धरमपेठचा_षड्ज

ताई, ड्युएटचा मुद्दा मानला. पण दहाजणांनी म्हटलेल्या लाडिक प्रश्नाला दहाजणांनी दिलेलं उत्तर म्हणजे शाळेची प्रार्थना. त्या गाण्याची गंमत दोघांच्या बोलण्यात आहे. दोघांनाच गाऊ द्या.

महालकर

काहून भांडून राहिले जी? गाणं कोणतंही घ्या, ते संपते कसं हे कोणी पाहिलंच नाही.

जुन्या सिनेमातली कितीतरी गाणी रेकॉर्डवर विरत जातात. मुखडा पुन्हा पुन्हा चालू आणि आवाज हळूहळू खाली. तोच शेवट ट्रॅकमध्ये येते. मधल्या गाण्याला चालते, निवेदक सांभाळून घेतो. शेवटच्या गाण्याला मात्र गायकाला कळत नाही थांबायचं कुठे, लोकांना कळत नाही टाळी केव्हा द्यायची. कार्यक्रम संपत नाही, विझते. शेवटाला ठोस समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्यावर, तुटणारा ट्रॅकच पाहिजे.

ट्रॅक विरणारा असला तर ऑडॅसिटीत (आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर) दुरुस्त होते:

१. आवाज उतरायला लागते त्याच्या आधीचा पूर्ण मुखडा पकडा. शेवटच्या अंतऱ्यानंतरचा घ्या, सुरुवातीचा नको. मूळ गाण्यातून आवाज काढून बनवलेला ट्रॅक असला तर लय गाणंभर सारखी राहत नाही, सुरुवातीचा तुकडा जोडला की ठेका अडखळते.
२. विरणारा भाग कापून तिथे तो मुखडा चिकटवा.
३. एखादं मधलं म्युझिक ज्या ठोक्यावर संपते, तो ठोका उचलून शेवटच्या समेवर लावा. त्याच्यामागे दीड-दोन सेकंद घुमारा राहू द्या. तिथेच कापलं तर लाइट गेल्यासारखं वाटते.
४. पट्टी बदलायची असली तर याच फाइलमध्ये बदला आणि एकदाच एक्सपोर्ट करा. प्रत्येक वेळी एमपी३ करत गेलं की झांजा कचरा होतात.

जॅकवाला

महालकरांना शंभर टक्के. पट्टीबद्दल जोड: शेवटच्या गाण्याला गळा थकलेला असतो, शिवाय मध्यंतरात आलूबोंडा-तर्री झालेली असते. रियाजात जमलेल्या पट्टीपेक्षा अर्धा किंवा एक स्वर खाली घ्या. दीड स्वरापेक्षा जास्त सरकवलं की तबला डबा वाटायला लागतो, मग दुसऱ्या पट्टीतला ट्रॅक शोधलेला बरा. आणि ट्रॅक मोबाइलवर यूट्यूबवरून लावू नका. मुखड्याच्या तोंडावर साबणाची जाहिरात आली की भैरवी काय आणि समूह काय.

बर्डीचा_बेसूर

शेवट ठोस हवा, हे माझ्या यादीत नव्हतं. चौथी अट म्हणून घेतो. "चलते चलते" (१९७६) शेवटी लावणाऱ्यांनी आपला ट्रॅक कसा संपतो ते आधी ऐकून घ्यावं.

पण षड्जभाऊ, मंद दिव्यातला सोलो हॉल भरलेला असेल तरच. नऊ वाजता डिसेंबरच्या थंडीत लोक स्वेटर चढवून बसलेले असताना संथ गाणं सुरू केलं, की अर्धी रांग उठते. "झिंगाट"ला निदान उठलेली माणसं दारात थबकतात.

धरमपेठचा_षड्ज

थबकतात, ऐकत नाहीत. झिंगाटवर पंधराजण स्टेजवर उड्या मारतात तेव्हा कोणाच्याही माईकवरून ओळ आली नाही तरी चालतं. मग ट्रॅक कशाला, मूळ गाणंच लावा.

पांढरी_चार

लॉनवर किंवा सोसायटीच्या गच्चीवर कार्यक्रम असेल तर हा वाद घड्याळच मिटवतं. उघड्यावर रात्री १० नंतर स्पीकर बंद, हा नियम २००० सालापासून आहे. बंद सभागृहाला त्यात सूट आहे, पण तिथे हॉल सोडायची वेळ असते, आणि वायर गुंडाळायला साउंडवाल्याला अर्धा तास लागतोच. चार मिनिटांचं गाणं, आधी आभार, मध्ये कोणीतरी "एकच मिनिट" म्हणून माईक घेणार. लॉनवर शेवटचं गाणं ९:४० ला सुरू झालं पाहिजे. आभार त्याच्या आधी उरका, नंतर नको. गाण्यानंतर पाच मिनिटं आभार ऐकवले तर ठोस शेवट कापून-जोडून काय मिळवलं?

महालकर

हे बराबर. अन् ट्रॅक दोन पेनड्राइव्हवर ठेवा. एक साउंडवाल्याकडे, एक निवेदकाच्या खिशात. अध्यक्षाच्या खिशात नको, तो आधीच जेवायला गेलेला असते.

धरमपेठचा_षड्ज

एक सुचवतो. शेवटून दुसरं गाणं सोलो, संथ, दिवे मंद. त्याला लागूनच आभार. मग तुमचा गलका.

बर्डीचा_बेसूर

चालेल. पण सोलोवाल्याने स्टेजवरून उतरायचं नाही, गलक्यात पुढचा माईक त्याचाच.