शाळाप्रवेशाला लसीचं कार्ड सक्तीचं करावं का?

नळस्टॉपवाला: २०२२ मध्ये गोवंडीत गोवराने मुलं दगावली, तेव्हा आपणही घाबरलो आणि मग विसरलो. गोवर थोपवायला १०० पैकी ९५ मुलांना दोन्ही डोस मिळायला हवेत. पालिकेच्या दवाखान्यात लस फुकट, बनते इथे हडपसरला. तरी चुकवणारे चुकवतातच. कार्ड नाही तर प्रवेश नाही, एवढं सरळ करून टाका.

वाघोलीकर ताई: पहिलीतलं मूल सहा वर्षांचं. गोवराचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. तुम्ही कार्ड तपासेपर्यंत धोक्याची वर्षं सरलेली असतात. आणि अडकणार कोण? मी साइटवरच्या पाळणाघरात काम करते. कार्ड गावाकडे राहिलेलं, एक इमारत उठली की बिऱ्हाड पुढच्या साइटवर. कशीबशी शाळेपर्यंत आलेली पोरं तुम्ही फाटकातून परत पाठवणार?

नळस्टॉपवाला: कारणं सगळ्यांकडे असतात. मग अंगणवाडीपासून सक्ती करा.

सदाशिवपेठी: सक्ती पुण्याने पाहिलीय. १८९७ ला प्लेगच्या झडत्या झाल्या, लोक रुग्ण लपवायला लागले, आणि २२ जूनला प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या.

नळस्टॉपवाला: रँड कुठून आणलात! पोलिओला घरोघर माणसं फिरली, २०१४ ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. कुणी गोळ्या झाडल्या?

वाघोलीकर ताई: अहो, ही तर माझीच बाजू झाली. तेव्हा लस दारात गेली. पण थेंब कुठेही पाजता येतात. गोवराची व्हायल, म्हणजे अनेक मुलांच्या डोसची कुपी, एकदा विरघळवली की चार तासांत वापरायची, उरली तर फेकायची. म्हणून सत्रं ठरलेल्या दिवशी, नेमकी कामाच्या वेळात. आईचा खाडा. पेंटाच्या, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीच्या, इंजेक्शनने पोर रात्रभर तापलं की दुसरा खाडा. सत्र संध्याकाळी साइटवरच लावा, तापाचं औषध हातात द्या.

बाणेरची आई: माझ्या मुलीला खासगीत एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) दिली होती. तरी २०१८ च्या मोहिमेत शाळेने न विचारता गोवर-रुबेला टोचली. अशाने शिकलेलेही बिथरतात.

सदाशिवपेठी: जादा डोसने अपाय नाही. पण विचारायला हवं होतं, हे शंभर टक्के.

नळस्टॉपवाला: संध्याकाळच्या सत्रांना माझी हरकत नाही. पण मग बिल्डरवर तरी सक्ती करा. साइटवरच्या मुलांची लसीची यादी नाही, तर भोगवटापत्र नाही.

वाघोलीकर ताई: ही चालेल! फक्त भोगवटापत्र मिळेपर्यंत बिऱ्हाडं कधीच हललेली असतात. यादी काम सुरू होतानाच मागा, आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा.