लॉकडाऊनने खरंच जीव वाचले का? सगळीकडे?

ठाणेकर (धागा सुरू करणारा): काल घरी परत हाच वाद झाला म्हणून इथे टाकतोय. माझं मत स्पष्ट आहे, सरसकट देशभर लावलेला लॉकडाऊन चुकला. २४ मार्च २०२० ला रात्री आठला भाषण आणि बाराला देश बंद, चार तासांत हातावर पोट असलेल्याने करायचं काय? पेरूचं बघा, १६ मार्चलाच कडक लॉकडाऊन, रस्त्यावर लष्कर, तरी लोकसंख्येच्या मानाने तिथले मृत्यू जगात सगळ्यात जास्त. निम्म्या घरांत फ्रीज नाही म्हटल्यावर लोक दर दोन दिवसांनी मंडईत जाणारच ना, आणि सगळे तिथेच एकमेकांना चिकटून उभे.

ऑकलंडवासी: अजिबात पटलं नाही. न्यूझीलंडने १९ मार्चला सीमा बंद केल्या, २५ ला रात्री लॉकडाऊन, आणि ८ जूनला ॲक्टिव्ह पेशंट शून्य! २०२० मध्ये अख्ख्या देशात तीसच्या आत मृत्यू. साथ पसरली तोवर बहुतेकांची लस झालेली होती, हाच तर सगळा फायदा. माझे सासूसासरे सत्तरी पार केलेले, दोघंही सुखरूप आहेत.

ठाणेकर: अहो पण पन्नास लाखांचं बेट ते! धारावीत दहा बाय दहाच्या खोलीत आठ जण आणि संडास सार्वजनिक, तिथे कसलं अंतर ठेवणार? जुलै २०२० च्या मुंबईतल्या सेरो सर्व्हेत (रक्तातल्या अँटिबॉडी तपासून कोणाला लागण होऊन गेली ते बघतात तो) तीन वॉर्डांतल्या झोपडपट्ट्यांत ५७ टक्के लोकांना लागण होऊन गेलेली, बाकी वस्तीत १६. म्हणजे घरात बसणं ज्याला परवडलं तो वाचला.

पुण्याची नर्स: दादा, तुमचे आकडे बरोबर आहेत पण मार्चमध्ये मी ड्युटीवर होते. पीपीई किट नाहीत म्हणून आम्ही रेनकोट घालून वॉर्डात जायचो. मे संपेपर्यंत देशात रोज लाखोंनी किट बनायला लागले, ऑक्सिजनचे बेड वाढले, हा वेळ लॉकडाऊननेच दिला. आणि धारावीत पालिकेने घरोघरी जाऊन तपासलं, संशयितांना बाहेर शाळांमध्ये ठेवलं. बंद होतं म्हणूनच माणसं घरी सापडली हो.

जालन्याहून: वेळ मिळाला हे मान्य, ताई. पण तो कोणाच्या जिवावर? ८ मे ला इथल्या स्टील कारखान्यातले सोळा मजूर करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली गेले. मध्य प्रदेशचे. गावाकडे जायची ट्रेन मिळेल म्हणून भुसावळच्या दिशेने चालत निघालेले, थकून तिथेच झोपले. रुळांवर पडलेल्या भाकऱ्यांचे फोटो अजून डोळ्यासमोरून जात नाहीत. आधी आठवडाभर ट्रेन चालवून माणसं घरी सोडली असती आणि मग बंद केलं असतं तर?

पुण्याची नर्स: तर त्याच ट्रेनने साथ गावोगाव गेली असती, आणि गावात व्हेंटिलेटर कुठे होता? पण रेशन आणि मजुरीचे पैसे पहिल्याच दिवशी हातात द्यायला हवे होते, यात मी तुमच्याच बाजूने आहे.