मदत हवी आहे : ध्वनी विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचंय, पण बारावीला फिजिक्स नव्हतं (गोवा)

नमस्कार मंडळी,

मी सत्तरी तालुक्यातली, वाळपईच्या पुढे आमचं गाव. वय 27. घरात कोकणी, शाळा मराठी, त्यामुळे मनातलं लिहायला बसलं की मराठीच हाताला येतं. पणजीला इतिहास घेऊन बी.ए. केलं. गेली चार वर्षं गोव्यात शूटिंगला येणाऱ्या युनिटांसाठी लोकल कोऑर्डिनेटरचं काम करते. एंटरटेनमेंट सोसायटीची परवानगी, पंचायतीचा दाखला, माडांच्या भाटात (बागेत) कॅमेरा लावायचा तर भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची, मनधरणी, साठ माणसांचा नाश्ता, आणि पाऊस आला की ताडपत्री. काम आवडतं. पण आता शिकायचंय, आणि नेमकं काय शिकायचं ते दीड वर्षापूर्वी दिवाडी बेटावर ठरलं.

एका जुन्या घरात सीन संपला आणि साउंड रेकॉर्डिस्ट दादा म्हणाले, "कोणी हलू नका, रूम टोन घेतोय." म्हणजे कोणी न बोलता त्या जागेचा स्वतःचा आवाज मिनिटभर रेकॉर्ड करायचा. मी तोवर हे शंभरदा ऐकलं होतं, आणि दर वेळी त्या मिनिटात मोबाईल बघितला होता. त्या दिवशी मोबाईल चार्जिंगला होता. जनरेटर बंद, पंखे बंद, साठ माणसं जागच्या जागी. स्वयंपाकघरात कळशीत थेंब पडत होता. कौलावरून एक सुकं पान घरंगळत खाली आलं. लांब फेरीबोट धक्क्याला लागत होती. दादांनी माझा चेहरा बघितला असावा, कारण मिनिट संपल्यावर त्यांनी हेडफोन माझ्या कानांवर ठेवला आणि तेच परत ऐकवलं. फेरीबोटीचा रॅम्प धक्क्यावर आदळायच्या आधी साखळी सैल पडते, तिचा एक आवाज असतो. कितीतरी वेळा त्या फेरीतून ये-जा केली, तो आवाज मला पहिल्यांदा तेव्हा ऐकू आला.

वर्षभराने तो चित्रपट थिएटरात बघितला. त्या सीनवर समुद्राच्या लाटा आणि सीगल घातले होते. दिवाडी मांडवीतलं बेट आहे, त्या घरातून लाट ऐकू येणं शक्यच नाही. पण बाहेरच्याला गोवा म्हणजे समुद्र, म्हणून लाटा. मला रडू आलं, खरंच. फेरीची साखळी रेकॉर्ड झालेली होती आणि ती टाकून दिली होती. त्या टेबलावर बसून "हे चुकीचं आहे" असं म्हणू शकणारं इथलं एक माणूस हवं होतं. ते माणूस मला व्हायचंय.

आमच्या गावात शिगम्याला घुमट वाजतं, म्हणजे मातीच्या मडक्याला कातडं ताणून केलेलं वाद्य. पूर्वी घुमटाच्या तोंडावर घोरपडीचं कातडं असायचं, वन्यजीव कायद्याने ते बंद झालं आणि ते योग्यच झालं. आता बकऱ्याचं असतं. 2019 मध्ये सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य जाहीर केलं. आजोबा म्हणतात, नवं घुमट कितीही शेकलं तरी जुन्यासारखं बोलत नाही. ते "बोलणं" नेमकं कशात असतं, मडक्याच्या पोटात, कातड्याच्या ताणात की वाजवणाऱ्याच्या डाव्या हातात, हे मला कळून घ्यायचंय. आजोबा 84 वर्षांचे आहेत. मी फोनवर त्यांचं वाजवणं रेकॉर्ड केलं, पण फोनने सगळा खर्ज खाल्ला.

आता अडचण.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनिमुद्रण आणि ध्वनिरचनेचा तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. मी पाहिलेल्या माहितीपत्रकात पदवी कुठलीही चालते, पण बारावीला फिजिक्स हवं असं होतं. मी बारावी आर्ट्स. दिग्दर्शन आणि संकलनाला ही अट दिसत नाही, म्हणून घरचे म्हणतात की संकलनाला जा, शेवटी एकच. मला तसं वाटत नाही.

दुसरी वाट परदेशाची. ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाने स्क्रीन प्रॉडक्शनच्या एक वर्षाच्या एम.ए.साठी ऑफर लेटर दिलंय. तिथे फिजिक्स कोणी विचारलं नाही. फी, राहणं, प्रवास धरून हिशेब 30 लाखांपुढे जातो. माझ्याकडे साठवलेले 4 लाख 60 हजार आहेत. बाबा कदंबातून, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेतून, ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले, आई अंगणवाडीत. बँकेने तारण मागितलं. आमचं घर मुंडकाराचं, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवरचं, मामलेदाराकडे ते नावावर व्हायचंय, आणि शेत आजोबांच्या वडिलांच्या नावावर. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कायदेशीर वाटणी, कधी झालीच नाही. गोव्यातल्यांना हे सांगावं लागणार नाही.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती कुणाच्या तरी उपयोगी पडेल. दिवाडीच्या त्या दिवसानंतर मी एका खासगी संस्थेत सहा महिन्यांचा साउंड डिप्लोमा केला. 1 लाख 40 हजार भरले. चाळीस मुलं, एक मिक्सर, एक रेकॉर्डर. सहा महिन्यांत रेकॉर्डर माझ्या हातात दोनदा आला. शिकवणारे सर चांगले होते, पण दर महिन्याला बदलायचे. ते पैसे आईच्या सोन्यावर काढले होते. म्हणून या वेळी आधी विचारतेय.

बारावीला फिजिक्स नसताना ध्वनी शिकायची पुण्यात काही सोय आहे का? एक वर्षाच्या एम.ए.त खरंच हाताला काम शिकवतात का, की निबंधच लिहायचे असतात? आणि तारण नसलेल्या घरातल्या मुलीला कर्ज कसं मिळतं? जाणकारांनी मोकळेपणाने लिहावं. "हा नाद सोड" असं वाटत असेल तर तेही लिहा, फक्त कारण सांगा.

—

प्रतिसाद : लॉकॉलेजरोड

ताई, मी पुण्याला ध्वनीच शिकलो, बरीच वर्षं झाली. आधी फिजिक्सचं. आमच्या वेळीही अट होती आणि तिला कारण आहे. डेसिबल ही लॉगरिदमची भाषा आहे. फेज, रेझोनन्स, इम्पीडन्स हे पहिल्या काही आठवड्यांतच अंगावर येतं. तुमच्या घुमटाचा प्रश्न तर पूर्ण फिजिक्सचा आहे. मडक्यातली हवा आणि ताणलेलं कातडं एकमेकांना धरून कंप पावतात. कातडं बदललं की त्याचं वजन आणि ताण बदलतो, आणि मडकं तेच असूनही वेगळं बोलतं. आजोबांना जे ऐकू येतं ते बरोबर आहे.

यावर उपाय आहे. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्था. तिथे बारावीच्या पातळीवर सगळे विषय घ्यावे लागत नाहीत, निवडक विषयांसाठी प्रवेश मिळतो. एकटं फिजिक्स घेता येतं. वर्षातून दोनदा परीक्षा असते, प्रॅक्टिकलही असतं, आणि त्या विषयाची वेगळी गुणपत्रिका मिळते. पण फी भरण्याआधी इन्स्टिट्यूटच्या प्रवेश विभागाला ईमेल करून विचारा, अशी वेगळी गुणपत्रिका चालेल का, आणि उत्तर लेखीच घ्या. फोनवर "हो चालेल" म्हणणारा माणूस छाननीच्या दिवशी समोर नसतो.

संकलन आणि ध्वनी एकच, असं घरच्यांना वाटणं साहजिक आहे. तसं नाही. मात्र सुरुवातीच्या काळात सगळ्यांना सगळं शिकवतात. मी कॅमेरा धरला, फिल्म कापली, सेटला रंग दिला. वर्गात आम्ही मोजून दहा-बारा जण. त्यामुळे रेकॉर्डर हातात कधी येईल याची वाट बघायची वेळ येत नाही, उलट तो खाली कधी ठेवायला मिळेल असं होतं. कंटिन्युइटी एक्सरसाइज, डायलॉग एक्सरसाइज, शेवटी डिप्लोमा फिल्म, असं चढत जातं. ज्या आवारात हे चालतं तो मूळचा प्रभातचा स्टुडिओ. प्रभात 1933 मध्ये कोल्हापूरहून पुण्याला आली, आणि 1960 मध्ये तिथेच संस्था सुरू झाली. जुन्या शूटिंग फ्लोअरवर रात्री एकट्याने उभं राहून टाळी वाजवून बघा. ती टाळी कशी परत येते हे मी अजून कुणाला नीट सांगू शकलेलो नाही.

कलकत्त्याची सत्यजित राय संस्थाही डोक्यात ठेवा. ती 1995 ची, ध्वनी तिथेही आहे.

आणि मुलाखतीत साखळीची गोष्ट सांगा. अशीच सांगा.

—

प्रतिसाद : मिडलँड्समधून

मी ब्रिटनमध्ये याच प्रकारचं एम.ए. केलं, म्हणून लिहिते. एक वर्ष म्हणजे सप्टेंबर ते सप्टेंबर, पण शिकवणी त्यातली जेमतेम दोन टर्म. उन्हाळा प्रोजेक्टचा. "स्क्रीन प्रॉडक्शन" या नावाखाली दिग्दर्शन, कॅमेरा, निर्मिती, ध्वनी सगळं थोडं थोडं येतं. ज्याला पटकथा आणि निर्मिती यांची सांगड घालायची आहे त्याच्यासाठी ते छान आहे. फक्त ध्वनी हवा असेल तर नावातच ध्वनी असलेला अभ्यासक्रम बघा. नॅशनल फिल्म अँड टेलिव्हिजन स्कूलचे बरेचसे एम.ए. दोन वर्षांचे आणि एकेका कामाला वाहिलेले आहेत. फरक तिथे कळतो.

ऑफर दिलेल्या विद्यापीठाला एवढंच विचार : वर्गात किती मुलं, लोकेशन रेकॉर्डिंगचे किती संच, मिक्सिंगची खोली आठवड्याला माझ्या वाट्याला किती तास, आणि मागच्या वर्षीच्या कुठल्या विद्यार्थिनीशी बोलता येईल. जो विभाग यावर सरळ उत्तर देत नाही तिथे जाऊ नकोस. तुझ्या डिप्लोम्याचा अनुभव इथेच कामाला येईल.

व्हिसासाठी लागणारे पैसे खात्यात सलग 28 दिवस दिसावे लागतात, ऐनवेळी गोळा करून चालत नाही. शिवाय पदवीनंतर काम करायला आतापर्यंत दोन वर्षं मिळायची, 1 जानेवारी 2027 पासूनच्या अर्जांना 18 महिने मिळणार आहेत. 30 लाखांचं कर्ज 18 महिन्यांत फिटत नाही गं. इकडे साउंडमधलं पहिलं वर्ष बहुतेक फुकट किंवा नाममात्र पैशांवर जातं.

माहितीपट करावासा वाटला तर डॉकनोमॅड्स बघ. लिस्बन, बुडापेस्ट, ब्रुसेल्स अशी दोन वर्षं, इंग्रजीतून. ज्यांना इरास्मस मुंडुसची शिष्यवृत्ती मिळते त्यांची फी माफ आणि महिन्याला 1400 युरो. स्पर्धा मोठी आहे, पण तुझ्याकडे आजोबा आणि घुमट आहे. ते दिग्दर्शनाचं शिक्षण आहे, ध्वनीचं नव्हे, एवढं ध्यानात ठेव.

—

प्रतिसाद : अंत्रुजकर

बाय, तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बारा कर्जविभागात. मुंडकाराच्या घरावर कर्ज देताना बँक का कचरते ते सांगतो. कायदा 1975 चा आहे, घर विकत घेण्याचा हक्क आहे, पण मामलेदाराचा दाखला हाती येईपर्यंत बँकेच्या दृष्टीने कागद अपुरा. शेताची इन्व्हेंटरी झाली नसेल तर सगळ्या वारसांच्या सह्या, आणि गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक म्हणून त्यांच्या जोडीदारांच्याही सह्या. एक काका मुंबईला, एक आत्या बेळगावला, की संपलं. त्या वाटेने या वर्षी जाऊ नकोस. मामलेदाराकडचं काम मात्र आजच मार्गी लाव, ते शिक्षणासाठी नव्हे, आईबाबांसाठी.

साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला केंद्राची हमी योजना आहे, त्यात तारण लागत नाही, आईबाबा सहकर्जदार लागतात. बँकेचा माणूस तरी तारण मागत असेल तर मॅनेजरला भेट आणि योजनेचं नाव घेऊन विचार. शिवाय आपल्या राज्याचं शिक्षण विकास महामंडळ गोव्यातल्या विद्यार्थ्यांना बिनव्याजी कर्ज देतं. पणजीला त्यांच्या कचेरीत स्वतः जा, रहिवासी दाखला बरोबर ने. पुण्यात तीन वर्षं शिकायचं तर तुझी साठवण आणि ही रक्कम मिळून भागावं. 30 लाखांची गोष्ट निराळी.

आईचं सोनं सोडवलंस की नाही? नसेल तर आधी ते.

—

प्रतिसाद : बूमवाला

थोडं वेगळं मत. तीन वर्षं आणि एवढे पैसे कशाला? चार वर्षं सेटवर आहात, तुमची ओळख आहे. त्या रेकॉर्डिस्ट दादांकडे असिस्टंट म्हणून लागा. मी असाच शिकलो. लेपल (कपड्याला लावायचा छोटा माइक) कपड्यात कशी लपवायची, वाऱ्यात बूम (लांब दांडीवरचा माइक) कुठून धरायचा हे कुठल्याच वर्गात इतकं चांगलं शिकता येत नाही.

शिवाय नोव्हेंबरात इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, तुमच्या दारातच. 35 वर्षांखालच्यांसाठी क्रिएटिव्ह माइंड्स ऑफ टुमारो असतं, त्यात 48 तासांत फिल्म करायची स्पर्धा. पणजीतच.

—

मूळ लेखिका :

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आईला सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. अंत्रुजकर काका, सोनं मागच्या चतुर्थीला सोडवलं. तुमची ओळ ऐकून आई काही बोलली नाही, आत जाऊन पाटल्या घालून आली.

बूमवाला दादा, दिवाडीच्या दादांना फोन केला होता. ते घ्यायला तयार आहेत, पावसाळा संपला की दोन शेड्यूल आहेत. पण तेच म्हणाले, बूम मी शिकवीन, लाटा का घालायच्या नाहीत हे मिक्सिंगच्या खोलीत पटवून द्यायला मात्र तुला शिकावं लागेल. म्हणून काम करतच फिजिक्स करणार. इन्स्टिट्यूटला ईमेल केलीय, उत्तर आलं की इथे टाकते. ब्रिटनच्या विद्यापीठाला तुम्ही सांगितलेले चारही प्रश्न पाठवले. मुलांच्या संख्येचं उत्तर लगेच आलं, संचांचं अजून नाही.

आता एकच विचारायचंय. अकरावी-बारावीची फिजिक्सची जुनी पुस्तकं कोणाकडे असतील का? आणि वाळपई किंवा होंडा भागात रविवारी शिकवणारे कोणी सर किंवा मॅडम ओळखीचे आहेत का? मी दहावीनंतर गणित केलेलं नाही, लॉगरिदमपासून सुरुवात करावी लागेल. पुस्तकं कुठूनही न्यायला येईन, आमच्या युनिटची गाडी गोवाभर फिरत असते.