तुरीच्या मर रोगावर पेपर शोधतोय, हाती काही लागेना

चिखलपाय:
नमस्कार मंडळी, एमएस्सी अ‍ॅग्री दुसरं वर्ष, पॅथॉलॉजी. विषय तुरीवरचा मर. लायब्ररीत स्कोपस (संशोधन पेपर शोधायचा डेटाबेस) उघडतं, तीन दिवस तिथंच बसतोय. आधी अख्खं टायटलच टाकलं, तर शून्य. मग वैतागून इंग्रजीत नुसतं तूर लिहिलं आणि पुढं स्टार दिला तर ढिगानं आले, बघतो तर हळद, टर्की आणि टर्बाइन! गाईडना सोमवारी रिव्ह्यू दाखवायचाय, कसं शोधायचं सांगा ना कुणीतरी.

ग्रंथपाल_काकू:
अरे स्टार दिला की त्या तीन अक्षरांनी सुरू होणारं सगळंच येणार, टर्मरिक काय नि टर्बाइन काय 😄 आधी कागद घे आणि तुरीला कोणकोण काय म्हणतं ते लिही. पिजनपी जोडून, पिजन पी तोडून, रेडग्रामचंही तसंच दोन्ही, अरहर, आणि शास्त्रीय नाव कजानस कजान. हे सगळं एका कंसात, मधे ऑर. दुसऱ्या कंसात विल्ट म्हणजे मर आणि तो आणणाऱ्या बुरशीचं नाव, तिथंही मधे ऑर. दोन कंसांमधे अँड. दोन शब्दी नावं अवतरणात घाल नाहीतर पिजन एका वाक्यात नि पी दुसऱ्यात, कबुतरंच येतील. आणि ऑल फील्ड्स निवडलं असशील तर बदल, त्यात संदर्भयादीत कुठं तूर आली तरी पेपर दिसतो. टायटल, अ‍ॅबस्ट्रॅक्ट, कीवर्ड बास.

बांधावरचा_बाब्या:
काकूंचं एकदम बरोबर, फक्त बुरशीचं नावही एकच नाहीये. बटलरनं १९१० ला फ्युजेरियम उडम म्हटलं, पुढं बऱ्याच जणांनी ती फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम या दुसऱ्या बुरशीचाच उडम प्रकार म्हणून लिहिली. नुसतं उडम टाक, दोन्हीत येतं. मी पूर्ण नावानं शोधून जुने पेपर घालवले, ते थेट व्हायवात (तोंडी परीक्षेत) बाहेरच्या परीक्षकांनी विचारल्यावर कळलं. आणि पाण्यावाचून सुकलेल्या तुरीचे पेपर नकोत म्हणून नॉट ड्रॉट (दुष्काळ नको) असलं काही लावू नको, मर आणि ताण दोन्हीवरचे पेपर असतात, तेही जातील.

चिखलपाय:
काकू, दादा, जमलं! पहिल्या पानावर सगळी तूरच. पण निम्मे पेपर पैसे मागतायत.

बांधावरचा_बाब्या:
सरकारी कॉलेज असेल तर वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही जर्नल्स फुकट वाचायला देणारी केंद्राची योजना बघ, जानेवारी २०२५ पासून सुरू आहे. इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवरच्या संशोधन संस्थेचं बरंच काम त्यांच्याच रिपॉझिटरीत (ऑनलाइन साठ्यात) फुकट मिळतं. आणि कृषी विद्यापीठांचे प्रबंध कृषिकोश या साइटवर, स्कोपसमधे ते मिळायचे नाहीत. आपल्याकडची फिल्डवरची माहिती खरी तिथंच.

ग्रंथपाल_काकू:
ते सगळं नंतर, आधी सर्च सेव्ह कर. स्वतःच्या लॉगिननं कर हो, लायब्ररीचा पीसी पाचला बंद होतो.

चिखलपाय:
काकू 😭 पावणेपाच झालेत, पळतो