मदत हवी आहे: सुप्त एचआयव्ही किती दिवसांनी जागा होतो, हे कसं काढू?

नमस्कार मंडळी,

कलिन्याला एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट: औषधं थांबवल्यावर सुप्त एचआयव्ही किती वेळा जागा होतो. (लॅपटॉपवर तो शब्द वाचून आईने आधी माझ्याकडे, मग देव्हाऱ्याकडे पाहिलं. तिची समजूत काढण्यात अख्खी संध्याकाळ गेली.)

गोळ्या चालू असताना विषाणू थोड्या विश्रांत सीडी४ पेशींत (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींत) दडून बसतो. हा साठा अर्धा व्हायलाच सुमारे ४४ महिने लागतात. गोळ्या थांबल्या की बहुतेकांच्या रक्तात तो दोन-तीन आठवड्यांत परत दिसतो. आधी समज होता की रोज कित्येक पेशी जाग्या होतात. २०१५ मध्ये सिडनीच्या पिंकेविच आणि सहकाऱ्यांनी सरासरी सहा दिवसांतून एकदा, असा हिशोब मांडला.

घोडं अडलंय ते इथे. रिपोर्टमध्ये दिसतो तो वेळ म्हणजे पहिली पेशी जागी होईपर्यंतची वाट, अधिक तिथून रक्तात मिलीलिटरला विषाणूच्या ५० कॉपीज (म्हणजे चाचणीत दिसण्याइतक्या) होईपर्यंतची वाढ. वाट एक्स्पोनेन्शियल (म्हणजे जागं होण्याची शक्यता रोज सारखीच) धरली आणि सहा दिवसांची सरासरी घेतली, तर आठवडा उलटला तरी शंभरातले ३१ जण वाटच बघत असतील, दोन आठवड्यांनी १०. पण दिवसाला पाच पेशी जाग्या होत असतील तर वाट जेमतेम पाच तासांची, आणि रुग्णारुग्णांतला फरक सगळा वाढीच्या वेगाचा! त्यात माझ्या बनावट डेटात चाचणी आठवड्यातून एकदाच. म्हणून इंटर्व्हल सेन्सरिंग लावलंय (नेमकी तारीख नाही, दोन चाचण्यांमधला काळच माहीत, असं धरून). वाढीचा वेग सगळ्यांना सारखा धरला की उत्तर येतं, बदलता धरला की लाइकलिहूड सपाट, म्हणजे वेगवेगळी उत्तरं डेटाला सारखीच जुळतात. काय चुकतंय?

(गोळ्या घेणारं कुणी वाचत असेल तर: हे फक्त गणित आहे, स्वतःच्या मनाने गोळ्या थांबवू नका.)

प्रतिसाद १:
चुकत काही नाही, नुसत्या पहिल्या पॉझिटिव्ह तारखेत तेवढी माहितीच नसते. पुढच्या दोन-तीन व्हायरल लोडचे (रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाचे) आकडे पण घे. त्यांच्या लॉगचा चढ म्हणजे त्या रुग्णाचा वाढीचा वेग. दोन्ही भाग एकत्र फिट कर. माकडांवरच्या २०१७ च्या प्रयोगात तर विषाणूच्या प्रत्येक वंशाला जनुकीय बारकोड होता. दोन वंश सारख्याच वेगाने वाढत असतील, तर त्यांच्या संख्येच्या गुणोत्तराचा लॉग भागिले वेग म्हणजे ते जागे होण्यातलं अंतर. तिथे पहिल्या तारखेची गरजच पडत नाही.

धागाकर्ती:
अरे वा! पण हे गुणोत्तर घ्यायचं ते वाढ अजून चढती असतानाच ना? शिखर गाठल्यावर वेग सारखा राहणार नाही.

प्रतिसाद १:
हो, चढावरचेच नमुने घे.