मदत हवी आहे: बाबांच्या नागिणीच्या दुखण्यासाठी 'इंडिका' नावाचं कॅनाबिसचं (गांजाचं) तेल. तुमच्या घरी ज्येष्ठांनी वापरलंय का?

नमस्कार. आम्ही मिसिसागात राहतो, टोरोंटोच्या शेजारी. बाबा ७२ वर्षांचे आहेत, कराडला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. पाच महिन्यांपूर्वी त्यांना नागीण झाली. छातीच्या डाव्या बाजूने बरगड्यांवरून थेट पाठीपर्यंत पट्टा उठला होता. फोड तीन आठवड्यांत वाळले, खपल्या पडल्या, पण आतली आग काही गेली नाही. सदरा नुसता अंगाला घासला तरी कळ जाते. आईने तिच्या जुन्या सुती लुगड्याचा मऊ तुकडा त्यांच्या सदऱ्याच्या आत शिवलाय, तेव्हा कुठे दिवस निघतो. रात्र मात्र निघत नाही. दोन-अडीच वाजता दिवाणखान्यात फेऱ्या मारत असतात, डावा हात अंगापासून लांब धरून.

(नागिणीची लस ओंटारिओत ६५ ते ७० वयाच्या लोकांना मोफत मिळते. आम्ही ती वेळेत घेतली नाही, याची मला रोज बोच लागते. कुणाचे आईवडील त्या वयात असतील तर कृपया आजच विचारा.)

डॉक्टरांनी नसांच्या दुखण्यासाठी आधी नॉरट्रिप्टिलीन दिलं, मग प्रीगॅबलिन. पहिल्याने तोंड सुकायचं आणि लघवीला त्रास व्हायचा, दुसऱ्याने दिवसभर गरगरतं. डोस वाढवायची भीती वाटते. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने सुचवलं की रात्रीसाठी कॅनाबिसचं तेल बघा. इथे १७ ऑक्टोबर २०१८ पासून ते कायदेशीर आहे, दुकानात मिळतं. मला हे घरात बोलायलाच आठ दिवस लागले. बाबा माळकरी आहेत. गांजा म्हटलं की आमच्या घरात डोळ्यांसमोर येतो तो पारावरचा चिलीम ओढणारा, ज्याने शेती घालवली, बायको माहेरी गेली. आई तर दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. बाबा मात्र सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "आधी मला झाड कुठलं ते सांग."

दुकानातल्या मुलाने 'इंडिका' घ्या म्हणून सांगितलं. त्याचं म्हणणं, कॅनाबिसचे दोन प्रकार: सटायव्हा दिवसाची, डोकं चालवणारी, आणि इंडिका रात्रीची. अंग जड पडतं, स्नायू सैल होतात, डोक्यातली गर्दी ओसरते, भूक लागते आणि माणूस सोफ्यावरून उठत नाही. त्याने 'पिंक कुश' नावाच्या जातीचं वाळलेलं फूल दाखवलं आणि वर 'इंडिका' लिहिलेली एक तेलाची बाटली. वयस्क माणसासाठी आणि दुखण्यासाठी हवंय म्हटल्यावर तो अवघडला. वैद्यकीय सल्ला आम्हाला देता येत नाही, म्हणाला. ते खरंच आहे, इथे दुकानांना औषधी दावा करता येत नाही. आम्ही दोन्ही घेऊन आलो. बाबांनी आयुष्यात विडी ओढली नाही, त्यामुळे फूल ओढायचा प्रश्नच नव्हता. पण त्यांना ते बघायचं होतं.

ती डबी त्यांनी उघडली तो क्षण मी विसरणार नाही. चष्मा कपाळावर सरकवून, भिंग घेऊन बसले. बारीकशी फुलं, वर साखर भुरभुरल्यासारखे राळेचे चमकते दाणे. मग हुंगलं आणि म्हणाले, "कैरीचं देठ मोडल्यावर चीक येतो बघ, तो वास आहे यात." मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलले. नंतर वाचलं तर इंडिका म्हणून विकल्या जाणाऱ्या जातींत ज्याचं नाव नेहमी निघतं ते मिर्सीन नावाचं सुगंधी द्रव्य आंब्यातही असतं. गवती चहातही असतं. पाच महिन्यांनी माझे बाबा कशात तरी रमलेले दिसले.

त्यांनीच मग पाकिटाच्या पाठीवर दोन पानं काढून दाखवली. 'इंडिका' म्हणजे भारतातली, जशी आंब्याची मँगिफेरा इंडिका, चिंचेची टॅमरिंडस इंडिका. लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ साली सटायव्हा नाव दिलं, लामार्क या दुसऱ्या शास्त्रज्ञाने १७८५ साली भारतातून आलेल्या नमुन्यांवरून इंडिका वेगळी केली. पण लामार्कने पाहिलेलं झाड होतं उंच, अरुंद पानांचं, आपल्याकडच्या गांजाचं. आज दुकानात इंडिका म्हणतात ते बुटकं, झुडपासारखं, रुंद पानांचं, अफगाणिस्तान आणि हिंदुकुश पर्वताकडून आलेलं. 'कुश' नाव तिथलंच. म्हणजे लामार्कची इंडिका दुकानदाराला दिली तर तो तिला सटायव्हाच्या फळीवर ठेवेल. बाबांचा प्रश्न, आणि माझाही, तिथूनच सुरू होतो: पानाच्या आकारावरून झोप येईल की नाही हे ठरतं का?

त्यांना कॅनडातल्याच डलहौसी विद्यापीठाच्या संशोधकांचं २०२१ सालचं काम सापडलं. अनेक जातींची जनुकं तपासल्यावर इंडिका-सटायव्हा हे लेबल आणि प्रत्यक्ष नातं यांचा मेळ फारसा बसत नाही असं निघालं. लेबलाशी काही थोडं जुळत होतं तर ती मूठभर सुगंधी द्रव्यं, त्यात मिर्सीन.

आता मुख्य गोष्ट, जी सांगताना अजून माझे हात गार पडतात. तेलाच्या बाटलीत एका मिलिलिटरला २५ मिलिग्रॅम टीएचसी, म्हणजे कॅनाबिसमधलं नशा आणणारं द्रव्य. रात्री ९ वाजता पिचकारीने ०.१ मिली दिलं, म्हणजे २.५ मिलिग्रॅम. पाऊण तास झाला, काहीच नाही. बाबा म्हणाले लागलं नाही वाटतं. मी आणखी ०.२ मिली दिलं. चूक माझी. ११ नंतर ते चढायला लागलं. आधी छान वाटत होतं, बोलणं संथ, चेहरा सैल, अंगावर पांघरूण घेऊन पडले. तेच पांघरूण, जे त्यांना पाच महिने सहन होत नव्हतं. सव्वा वाजता लघवीला उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. बेसिनला धरत धरत खाली फरशीवर बसले. मी पोचले तेव्हा म्हणत होते, "पाय माझे नाहीत असं वाटतंय." नाडी ११८, वरचं ब्लडप्रेशर ९६. तोंड कोरडं ठाक. घड्याळ पुढे सरकतच नाहीये, असं पुन्हा पुन्हा म्हणत होते. आईने डोकं मांडीवर घेतलं, मी पाय थोडे उंच करून दिले. साडेतीनपर्यंत आम्ही तिघं तशीच फरशीवर होतो. मग झोपले ते सकाळी अकरापर्यंत.

उठल्यावर त्यांना विचारलं. म्हणाले, "आग होती, पण माझ्या अंगात नव्हती, पलीकडच्या खोलीत होती." आणि वर म्हणाले, "कमी घेऊन परत बघूया."

म्हणून विचारते आहे. एक तर तुमच्या घरच्या ज्येष्ठांना याने खरंच फरक पडला का, आणि किती दिवस टिकला? इंडिका या शब्दाकडे बघायचं की टीएचसीच्या आकड्याकडे? तेल बरं की वाफेचं यंत्र? आणि हे डॉक्टरांपुढे कसं काढायचं, बाबांना संकोच वाटतो. सांगायचं राहिलं, २०११ साली पुण्यात त्यांची हृदयाची झडप बदलली आहे, यांत्रिक झडप, तेव्हापासून वॉर्फरिन (रक्त पातळ करणारं औषध) चालू आहे. डिसेंबरात कराडला जायचं आहे, तोपर्यंत काही मार्ग निघावा.

प्रतिसाद, कॅल्गरीहून:

ताई, मी इथे फार्मसीत काम करते. तुम्ही सगळ्यात शेवटी जे लिहिलंय ते सगळ्यात आधी यायला हवं होतं. वॉर्फरिन यकृतातल्या ज्या एन्झाइमने मोडतं, टीएचसीसुद्धा बरंचसं त्याच वाटेने मोडतं, आणि सीबीडी (कॅनाबिसमधलंच दुसरं, नशा न आणणारं द्रव्य) ती वाट अडवतं. कॅनाबिस सुरू केल्यावर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा) वर गेल्याच्या, रक्तस्राव झाल्याच्या नोंदी आहेत. यांत्रिक झडप असलेल्या माणसात आयएनआर वर जाणंही धोक्याचं आणि घाबरून वॉर्फरिन कमी करणंही तितकंच. त्यातून ते त्या रात्री डोक्यावर पडले असते तर? तुम्हाला घाबरवत नाहीये, पण डॉक्टर आणि आयएनआर बघणारी नर्स यांना कळल्याशिवाय पुढचा थेंब देऊ नका. अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनही मनाने देऊ नका.

त्या रात्री काय झालं ते सांगते. ओढलेलं काही मिनिटांत लागतं. पोटातून घेतलेलं लागायला अर्धा तास ते दोन तास जातात, पूर्ण जोर यायला चार तासही लागू शकतात. शिवाय यकृतात टीएचसीचं रूप बदलतं आणि ते नवं रूप जास्त तीव्र असतं. म्हणून पहिल्या दिवशी एकदाच द्यायचं, आणि दुसरा डोस त्या रात्री नाहीच. प्रीगॅबलिनची गुंगी त्यावर चढली असणार. नाडी वाढणं आणि उभं राहिल्यावर ब्लडप्रेशर पडणं हे टीएचसीचंच काम. झडपेच्या पेशंटमध्ये हृदयरोगतज्ज्ञांना विचारलेलं बरं.

इंडिका शब्दाबद्दल: तेल करताना सुगंधी द्रव्यं बऱ्याचदा उडून जातात. बाबांना कैरीचा वास फुलाला आला, तेलाला आला का, विचारा. तेलाच्या बाटलीवरचा 'इंडिका' मी वाचत नाही. मी आकडे वाचते, टीएचसी किती, सीबीडी किती.

डॉक्टरांपुढे संकोच अजिबात नको. २०१८ मध्ये इथल्या फॅमिली डॉक्टरांसाठी मार्गदर्शक सूचना निघाल्या. नेहमीची औषधं करून झाल्यावरही नसांचं दुखणं आटोक्यात येत नसेल तर कॅनाबिसचा विचार करता येतो असं त्यात आहे. बाबांची दोन औषधं झालीच आहेत. दुखऱ्या जागेवर लावायच्या, तिथला भाग बधिर करणाऱ्या लिडोकेनबद्दल विचारलंत का?

प्रतिसाद, व्हँकूव्हरहून:

माझ्या सासूबाई संधिवातासाठी दीड वर्ष घेत होत्या, सुरुवातीला फारच गाढ झोप. पुढे तोच डोस पुरेना, सवय होते शरीराला. गावी जायचं म्हणून एकदम बंद केलं तर आठवडाभर झोप उडाली आणि भयंकर स्वप्नं पडायला लागली. टीएचसी स्वप्नांची झोप दाबून ठेवतं, बंद केलं की ती उसळून वर येते, असं डॉक्टर म्हणाले. तुम्ही डिसेंबरात जाणार असाल तर आत्ताच सुरू करावं का, याचा विचार करा. केलंत तर जाण्याआधी हळूहळू उतरवा. आणि रात्री बाथरूमपर्यंत छोटे दिवे लावा, आम्ही ते पडल्यावर लावले.

प्रतिसाद, पुण्याहून:

बाटली भारतात आणायचा विचार चुकूनही करू नका. इथे अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा, १९८५. भांगेला त्यातून वाट आहे कारण नुसती पानं गांजाच्या व्याख्येत येत नाहीत, पण फुलोरा येतो, आणि अर्कही या कायद्याखाली येतो. तिकडच्या डॉक्टरची चिठ्ठी विमानतळावर उपयोगाची नाही. कॅनडातून बाहेर नेणं तिकडच्या कायद्यानेही गुन्हाच आहे.

मूळ धागालेखिका, अकरा दिवसांनी:

सगळ्यांचे मनापासून आभार. कॅल्गरीच्या ताईंचा प्रतिसाद वाचला त्याच सकाळी क्लिनिकला फोन केला. आयएनआर तपासला, ठरलेल्या मर्यादेतच निघाला. तेव्हा कुठे जेवण गेलं. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी बाबांना नीट समोर बसवून सगळं विचारलं आणि बाबांनीही प्रॅक्टिकलच्या वहीत लिहावं तसं वेळ-डोस-परिणाम सगळं सांगितलं. प्रीगॅबलिन कमी केलंय, लिडोकेनचं मलम सुरू केलंय. कपडा घासण्याची कळ त्याने थोडी कमी आहे. वेदनेच्या क्लिनिकला चिठ्ठी गेली आहे. हृदयरोगतज्ज्ञांनी हो म्हटलं तर तेल पुन्हा सुरू करायचं, फक्त रात्री, १ मिलिग्रॅमपासून, दर आठवड्याला आयएनआर बघत, आणि कराडला निघायच्या महिनाभर आधी उतरवायला घ्यायचं.

तेलाला वास नाहीच. बाबांनी बाटली उघडून पाहिली, खोबरेल तेलासारखं लागतं म्हणाले.

दिवे लावलेत. बाटली मी कपाटात लपवून ठेवली होती, ती काल आईने काढून बाबांच्या गोळ्यांच्या डब्यात वॉर्फरिनशेजारी ठेवली. काही बोलली नाही.

आता एकच अडचण आहे. या बाटलीतून १ मिलिग्रॅम म्हणजे ०.०४ मिली, आणि पिचकारीवर पहिली रेघच ०.१ ची आहे. ओंटारिओत कमी तीव्रतेचं, मोजता येईल असं तेल कुणी वापरलंय का? दर मिलीला ५ मिलिग्रॅमच्या आसपासचं मिळालं तर बरं होईल.