मदत हवी आहे: लेटरबॉक्सच्या क्लूमधला कोन नेमका कुठला धरायचा?

जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा. (लेटरबॉक्स म्हणजे टपालपेटी नव्हे; क्लूवरून शोधायचा लपवलेला डबा, ज्यात शिक्का आणि वही असते.) जुना क्लू असा आहे: 'दुभंगलेल्या खडकापासून २१०° वर ४० पावलं, आडव्या ओंडक्याखाली.' खडक पक्का ओळखला, पण ओंडका कुठेच नाही.

कोन थेट होकायंत्रावरचा की नकाशावरून काढलेला, हे लिहिलेलं नाही. तिथला चुंबकीय फरक (होकायंत्राची उत्तर आणि नकाशावरची उत्तर यांतला कोन) १०° आहे, म्हणजे ६० मीटर चालल्यावर साधारण साडेदहा मीटर बाजूला जायला होतं. हा फरक वर्षागणिक थोडा सरकतो. मग क्लू लिहिला त्या वर्षीचा आकडा घ्यायचा ना? मोबाइल आणि किल्ल्या होकायंत्रापासून लांब ठेवल्या होत्या, त्यामुळे सुई त्यांनी ओढली नसावी.

शिवाय पाऊल म्हणजे एक ढांग, की डाव्या पायापासून पुन्हा डाव्या पायापर्यंत? ७५ सेंटिमीटरची ढांग धरली तर एकात ३० मीटर होतात, दुसऱ्यात ६०. एकूण चार जागा निघतात.

ओंडका कुजून गेला असेल तर खात्री कशावरून करायची? दिसेल तो दगड उलटवत सुटणं मला मुळीच पटत नाही; लपवणाऱ्याच्या खुणा मोडतात.

आणि एक: डबा सापडलाच, तर ओलसर वहीत शिक्क्याची शाई पसरू नये म्हणून पिगमेंटची (न विरघळणाऱ्या रंगकणांची) शाई पुरेल का?